नर्सिंग कॉलेजं वाढली, मग रात्रपाळीला सिस्टर एकटीच का? (खान्देश)

सातपुडा_इन्चार्ज | सोमवार, दुपारी ३.१०

नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याशी ३० खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी परिसेविका आहे, म्हणजे तुमच्या बोलीत इन्चार्ज सिस्टर. गावाचं नाव टाकत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

गेल्या महिन्यात भाचीच्या प्रवेशासाठी जिल्ह्याच्या गावी गेले होते. स्टँडवरून रिक्षाने जाताना नर्सिंग कॉलेजांचे फलक मोजत गेले, सात भरले. मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, गेले तेव्हा आमच्या घरच्यांना धुळ्याच्या पलीकडचं एकही नाव माहीत नव्हतं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

परत आले आणि पुढच्या आठवड्याची ऑफ ड्यूटी, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, लावायला बसले. मंजूर पदं सात. एक बाळंतपणाच्या रजेवर, १८० दिवस. ती तिच्या हक्काची, मीही घेतली होती. एक प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी. पगार आमच्या आस्थापनेवर, काम तिकडे. उरल्या पाच. त्यातून एकीचा आठवड्याचा ऑफ, एकीचा नाइट ऑफ. उरल्या तीन. सकाळ, दुपार, रात्र. पाळीला एक! त्या एकीने लेबर रूम बघायची, जनरल वॉर्ड बघायचा, साप चावलेला आला तर त्याची सलाइन लावायची, १०८ मधून पेशंट रेफर करायचा आणि सकाळी आठला सगळ्या नोंदी पूर्ण करून हँडओव्हर द्यायचा. कुणाला ताप आला की माझा ऑफ जातो.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे: साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक, अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक, वर ३० टक्के रजा-राखीव. हे रजा-राखीव पद बावीस वर्षांत मी तरी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. लोकांना वाटतं एक खुर्ची म्हणजे एक नर्स. आठवड्याचे तास १६८. एकीचे चाळीस-बेचाळीस. नुसता भागाकार केला तरी चार येतात, रजा धरल्या की पाच. एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला पाच बाया लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगभरात ५८ लाख नर्स कमी असल्याचं म्हटलंय. आपल्या देशात हजार लोकांमागे दोनच्या आसपास, हव्यात तीन. पण हे दोन नोंदणीवहीतले. नोंद झालेली मुलगी आज वॉर्डात उभी आहे, सुरतेला गेली, दुबईला गेली की लग्न होऊन भाकरी थापतेय, ते वहीला काय माहीत?

माझ्या बॅचच्या पंचवीस जणींपैकी आज खान्देशात नर्सिंग करणाऱ्या सहा. मला वाटतं आपल्याकडे नर्स तयार होत नाहीत हे खरं दुखणं नाही. तयार होतात आणि जातात. का जातात, आणि काय केलं तर राहतील, यावर बोलूया. सरकारी, खासगी, शिकवणारे, शिकणारे सगळ्यांनी लिहा.

पांझराकाठ | सोमवार, सायंकाळी ६.२२

तुम्हनं म्हननं खरं शे ताई. मनी आंडेर (मुलगी) बी नर्स शे, सुरतले.

अहिराणी सोडून मराठीतच लिहितो, नाहीतर बाकीचे ओरडतील. मी कापूसवाला शेतकरी. पोरीच्या बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षांत फी, हॉस्टेल, मेस, ड्रेस, केसबुकं धरून साडेचार लाख गेले. एक बिघा गहाण पडला. पास झाल्यावर आमच्याच तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात लागली. पगार नऊ हजार. बारा तास ड्यूटी. शिवाय संध्याकाळी बिलाच्या काउंटरवर बसायचं, कारण "तुझं अक्षर चांगलं आहे". आठ महिने काढले पोरीने. आता सुरतेला बावीस हजार आणि राहायला खोली. मी तिला परत ये म्हणू का? आठे पोट भरत नई, तठे जीव लागत नई, असं तिचं चाललंय.

डॉ_वीस_खाटा | सोमवार, रात्री ९.०५

मी त्या नऊ हजारवाल्यांपैकी. म्हणजे माझ्याकडे अकरा आहेत, पण जात तीच.

शिव्या घालण्याआधी ऐका. तालुक्याच्या गावात वीस खाटांचा दवाखाना. प्रसूतीचं बिल शहरात जे होतं त्याच्या निम्मं घ्यावं लागतं, कारण समोरचा कापूस विकल्यावर पैसे देणार असतो. तुम्हाला माहीत आहे कापसाचं काय होतं ते. सरकारी योजनेचे पैसे येतात पण कधी येतील त्याचा नेम नाही. औषधाच्या स्टॉकिस्टला मात्र महिनाअखेरीला चेक लागतो.

नवीन जीएनएम येते तेव्हा तिला सलाइनची व्हेन (शीर) सापडत नाही. सहा महिने आम्ही शिकवतो. हात बसला की नाशिकचं किंवा सुरतचं मोठं हॉस्पिटल दुप्पट पगार देऊन घेऊन जातं. दोन वर्षांत चार गेल्या. आम्ही म्हणजे फुकटचं ट्रेनिंग सेंटर. मग गावातली दहावी झालेली मुलगी ठेवतो, ती निदान राहते.

कायद्याचं_बोला | सोमवार, रात्री ९.४०

डॉक्टरसाहेब, ती दहावी झालेली मुलगी इंजेक्शन देते ना? शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा वाचा एकदा. नोंदणी झालेली नर्स ठेवणं ही मेहेरबानी नाही, अट आहे.

आणि पगाराचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली होती. तिच्या शिफारशी: २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार, १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि पन्नासच्या आतल्या दवाखान्यातसुद्धा किमान २०,००० रुपये. राज्यांनी ते अमलात आणायचं होतं. केरळच्या नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ मध्ये तिथे किमान वेतनाची अधिसूचना निघाली. आपल्याकडे ती शिफारस कुठल्या कपाटात आहे ते शोधावं लागेल.

तुमचे अकरा हजार म्हणजे शिफारशीच्या जेमतेम निम्मे, तेही दहा वर्षांपूर्वीच्या.

डॉ_वीस_खाटा | सोमवार, रात्री ९.५८

वाचलाय कायदा. २०,००० द्यायचे तर बिल वाढवावं लागेल आणि मग तुम्हीच "डॉक्टर लुटतात" म्हणून दुसरा धागा काढाल.

कायद्याचं_बोला | सोमवार, रात्री १०.०३

काढीन.

ट्यूटर_मॅडम | मंगळवार, सकाळी ७.१५

धागाकर्तीला नमस्कार. वाद छान रंगलाय पण "व्हेन सापडत नाही" हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं आहे आणि मी शिकवते.

मुलगी जीएनएमला येते. तीन वर्षांचा कोर्स, पुस्तकं इंग्रजीत. ती शिकलेली असते आश्रमशाळेत किंवा झेडपीच्या शाळेत. पहिलं वर्ष ॲनाटॉमीचे शब्द पाठ करण्यात जातं, अर्थ दुसऱ्या वर्षी कळतो. हुशार नसतात असं नाही. माझी एक विद्यार्थिनी औषधाच्या डोसचं गणित माझ्या आधी तोंडी करायची, पण व्हायवात (तोंडी परीक्षेत) बाहेरच्या परीक्षकाने इंग्रजीत विचारलं की गप्प.

दुसरं, क्लिनिकल पोस्टिंग. नियमाने कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय लागतं. मी पूर्वी एका ठिकाणी शिकवत होते. तिथे तपासणीच्या दिवशी खाटा भरायच्या. कोण झोपलेलं असायचं ते विचारू नका. मग मुलींना सरकारी रुग्णालयात पाठवायचं. तिथे आधीच तीन-चार कॉलेजच्या मुली. एका प्रसूतीभोवती बारा जणी उभ्या, हात लावायला मिळतो एकीला. केसबुकात मात्र बाराही जणींनी ती प्रसूती केलेली असते. अशी मुलगी पास होऊन पहिल्या रात्रपाळीला एकटी उभी राहते तेव्हा ती घाबरते, आणि घाबरलेली नर्स पहिल्या वर्षातच व्यवसाय सोडते. पगारामुळे जाणाऱ्या मोजल्या जातात, भीतीने जाणाऱ्या कुणी मोजत नाही.

तिसरं, आम्ही. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. एम.एस्सी. झालेली बाई माझ्यासारखी पंचवीस हजारांत शिकवेल की सरकारी अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) परीक्षा देईल? तिथे मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होतं. माझ्या सोबतच्या तिघी गेल्या. मीही फॉर्म भरलेला आहे, उगाच साळसूदपणा नको.

केंद्राने २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीला १५७ नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, एकूण १,५७० कोटी, म्हणजे प्रत्येकी दहा कोटी. इमारत होईल. शिकवायला कोण, ते सांगा.

जाता जाता, "नोंदणीवहीला काय माहीत" या मुद्द्यावर: त्यासाठीच लाइव्ह रजिस्टर आणलंय, प्रत्येक नर्सला युनिक आयडी मिळतो. पण नूतनीकरणाला कुणी गेलं तरच माहिती ताजी राहणार. गेलेली कशाला येईल सांगायला?

ब्रदर | मंगळवार, सकाळी ११.३०

केसबुकचं वाचून हसू आलं आणि लाजही वाटली. मीही त्या बारातला तेरावा. पुरुष विद्यार्थ्याला तर लेबर रूमच्या दारातच उभं करतात.

एक वेगळा मुद्दा. मेल नर्सकडे कुणी बघतच नाही. बाळंतपणाची रजा नाही, रात्रीच्या प्रवासाची भीती कमी, डोंगरात राहायला तयार. तरी आमच्या जागा कमी. एम्सच्या भरतीत ८० टक्के महिला, २० टक्के पुरुष. गावात तर लग्नाच्या बैठकीत "मुलगा नर्स आहे" म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा टाकून उठतात. मी "मेडिकल ऑफिसात आहे" असं सांगायला लागलो होतो. शेवटी जिच्याशी ठरलं ती एएनएमच, म्हणजे आरोग्यसेविका निघाली.

सातपुडा_इन्चार्ज | मंगळवार, दुपारी २.५०

ब्रदर, तुमच्यासारखे दोन मिळाले तर मी वाजतगाजत नेईन. आमच्याकडे दारू पिऊन आलेला नातेवाईक रात्री दोनला लाथ मारून दार उघडतो, तेव्हा सिस्टरच्या मदतीला एक मावशी आणि एक म्हातारे मामा असतात.

ट्यूटर मॅडम, भीतीचं अगदी खरं. मी नवीन मुलीला पहिले दोन महिने एकटी रात्रपाळी लावायची नाही असं ठरवलं होतं. बाकीच्या कुरकुरल्या, त्यांच्या नाइट वाढल्या ना. पण ती मुलगी टिकली. दुसरीच्या वेळी माणसंच नव्हती, दहाव्या दिवशी तिला एकटीला नाइट लावली. तिच्या हाताखाली पहिल्याच आठवड्यात बाळंतिणीला अंगावरून खूप गेलं. बाई वाचली. मुलीने महिन्याच्या आत राजीनामा दिला. तिचा दोष नव्हता, माझ्या तक्त्याचा होता. आजही ते मला डाचतं.

उधना_शिफ्ट | मंगळवार, रात्री ११.४५

मी सुरतेत आहे, सहा वर्षं झाली. मूळ गाव नंदुरबार जिल्ह्यात. पांझराकाठ बाबांच्या मुलीला मी ओळखतही असेन!

लोक म्हणतात पैशासाठी गेली. पैसे तर आहेतच. पण मी पहिली नोकरी सोडली ती दुसऱ्याच कारणाने. रुजू होतानाच त्यांनी माझी मूळ कागदपत्रं ठेवून घेतली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डिप्लोमा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं. "दोन वर्षं सोडून जायचं नाही." सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणीला बोलावलं तेव्हा मूळ प्रती मागितल्या, दिल्या नाहीत. माझी संधी गेली. शेवटी माझा भाऊ चार पोरं घेऊन गेला तेव्हा मिळाली. माणूस टिकवायची ही रीत आहे? बैल दावणीला बांधतात तसं?

इथे काय वेगळं आहे ते सांगते. महिन्याची ड्यूटी लिस्ट आधी लागते. ओव्हरटाइमचा हिशोब असतो. रात्री सुटलं तर गाडी सोडते. मला डायलिसिसला टाकलं, सहा महिने शिकवलं, आज मी तिथली सीनियर आहे. गावाकडे असते तर आज वॉर्ड, उद्या ओटी, परवा बिल काउंटर.

आणि गंमत म्हणजे उधना, लिंबायत, पांडेसरा भागातले पेशंट निम्मे आपलेच. आजीबाई बेडवरून अहिराणीत हाक मारतात. इथल्या डॉक्टरांना कळत नाही, मला बोलावतात. खान्देशची नर्स खान्देशच्याच माणसाची सेवा करते, फक्त गुजरातेत.

पांझराकाठ | बुधवार, सकाळी ६.४०

बेटा, तुझं वाचून पोरीला फोन केला पहाटेच. नाइट करून आली होती, ओरडली झोपमोड केली म्हणून. जेवली का विचारलं, शेवभाजी केली म्हणे. बरं वाटलं.

डॉ_वीस_खाटा | बुधवार, दुपारी १.२०

कागदपत्रं ठेवून घेणं चूक आहे. मी कधी केलं नाही, पण करणारे माहीत आहेत आणि मी त्यांना बोललोही नाही.

सोमवारी जरा तापून लिहिलं. काल हिशोबाची वही काढून बसलो. आमच्याकडे एकच एएनएम आहे जी सात वर्षं टिकली. पगार इतरांपेक्षा फार जास्त नाही. मग का राहिली? दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या तिला राहायला दिल्यात. तिचा नवरा खालीच मेडिकल स्टोअरला आहे, मूल आमच्याच मुलांबरोबर शाळेच्या व्हॅनने जातं. मी हे ठरवून केलं नव्हतं, खोल्या रिकाम्या होत्या म्हणून दिल्या. आणि दर वेळी एक नर्स जाते तेव्हा नवीला शिकवण्यात, चुका निस्तरण्यात जो पैसा जातो तो मी कधी खर्चात धरलाच नव्हता. धरला तर अकराचे सोळा परवडतात. वीस नाहीत, अजून तरी. कायद्याचं_बोला यांनी लगेच तुटून पडू नये.

कायद्याचं_बोला | बुधवार, दुपारी १.३१

सोळावर आज गप्प बसतो.

मोलगीच्या_वर | बुधवार, रात्री १०.१५

इथे रेंज आली की लिहिते, त्यामुळे उशीर.

मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, बी.एस्सी. नर्सिंग करून. पावरा समाजातली, अक्राणी तालुक्यातलीच. धागा छान आहे पण सगळे दवाखान्याच्या आतलंच बोलताय. आमच्याकडे दवाखाना पेशंटपर्यंत जातो. डोंगरी, आदिवासी भागात उपकेंद्र ३,००० लोकसंख्येला, सपाटीवर ५,००० ला. कागदावर आमचं सोपं दिसतं. पण ते ३,००० लोक पाड्यापाड्यांत विखुरलेले. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला दीड तास चढ. नर्मदाकाठच्या गावांना तर तरंगता दवाखाना बोटीने जातो. पावसाळ्यात बाळंतिणीला अजूनही झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात.

माझ्या आधी इथे बाहेरच्या जिल्ह्यातली ताई होती. कामाला चांगली होती, तिची नोंदवही बघून मी शिकले. पण तिला पावरी येत नव्हती. एक गरोदर बाई तिच्याकडे तीनदा येऊन गेली होती. "त्रास आहे का?" "नाही." मराठीत विचारलं की आमच्या बाया नाहीच म्हणतात, लवकर सुटका होते म्हणून. मी रुजू झाल्यावर तिला चुलीपाशी बसून पावरीत विचारलं, तर सांध्यांची दुखणी, दम लागणं, लहानपणापासूनचं सगळं बाहेर आलं. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) निघाला. तिचं बाळंतपण मग जिल्ह्याला केलं, सुखरूप.

टिकण्याबद्दल म्हणाल तर मी का टिकले? माझं घर वीस किलोमीटरवर आहे म्हणून. आई मुलाला सांभाळते. बाहेरून येणाऱ्या बाईला मुख्यालयी राहा म्हणतात. राहायचं कुठे? क्वार्टरचं छत गळतं, पाणी हंड्याने आणायचं, मुलाला शाळा कुठली? ती पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज लिहीत असते, आणि मी तिच्या जागी असते तर मीही लिहिला असता.

कायद्याचं_बोला | गुरुवार, सकाळी ८.५०

ताईंच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली काही पदं, आरोग्यसेविका म्हणजे एएनएमसुद्धा, स्थानिक आदिवासी उमेदवारांतूनच भरायची ठरलं. आपल्याकडे अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर पूर्ण. शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांचे भाग. म्हणजे कल्पना कागदावर आहेच. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं, भरती अडकली, २०२४ मध्ये आंदोलनं झाली आणि मानधनावर नेमणुकांचा तोडगा निघाला.

मानधन म्हणजे पुन्हा कंत्राटीच. तिकडे राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटींसाठी दहा वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना संप करावा लागला. कायम नोकरी आणि घराजवळची नेमणूक या दोन गोष्टी एकत्र मिळाल्या तर बाई कशाला जाईल?

उधना_शिफ्ट | गुरुवार, दुपारी ४.०५

थांबा. मीही आदिवासीच आहे. "स्थानिक मुलगी स्थानिक जागी" ऐकायला गोड आहे. पण म्हणजे डोंगरातल्या मुलीने जन्मभर डोंगरातच राहायचं, आणि धुळ्या-जळगावच्या मुलीने जर्मनीला जायचं? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला, त्यात नर्सपण आहेत. जर्मन शिकायला कोण जातं? शहरातली, जिच्या गावात क्लास आहे ती.

मला डायलिसिस शिकायला मिळालं म्हणून मी नर्स म्हणून वाढले. मोलगीच्या ताईंना काय शिकायला मिळणार?

मोलगीच्या_वर | गुरुवार, रात्री ९.३०

बरोबर बोललीस बहिणी. माझीही हीच तक्रार आहे, फक्त लिहिली नव्हती. मला एम.एस्सी. करायचंय. रजा मागितली तर "तुमच्या जागी कोण?" हाच प्रश्न. जागेवर टिकले त्याची ही शिक्षा.

डोंगरात पाच वर्षं केली तर पुढच्या शिक्षणाला पगारी रजा आणि राखीव जागा, असं काही असेल तर मुली स्वतः मागून येतील. बांधून ठेवू नका एवढंच.

सातपुडा_इन्चार्ज | शुक्रवार, सकाळी १०.००

कालपासून तीनदा वाचलं हे. मीच वर "राहतील कशा" असं विचारलं होतं. राहणारीला काय मिळतं हे विचारायला हवं होतं.

सरकारीतल्या एका सवलतीची आठवण: आदिवासी भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आहे, ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयाने. म्हणजे वरच्या पदाच्या श्रेणीत पगार. तो आमच्याकडे लोकांना थांबवतो, मी पाहिलंय. दोघींनी त्यासाठी बदली पुढे ढकलली. पण कंत्राटीला तो नाही, आणि डोंगरात कंत्राटीच जास्त. जिथे थांबवायचं तिथेच थांबवायची दोरी नाही.

प्रतिनियुक्तीबद्दलही लिहायचं होतं. रिकामं पद दिसतं तरी, भरतीच्या जाहिरातीत येतं. प्रतिनियुक्तीवर गेलेलीचं पद भरलेलं दिसतं. तिच्या जागी मागताही येत नाही. मी तीन वर्षं पत्रं लिहिली. शेवटी हजेरीपटाची झेरॉक्स आणि ड्यूटीचा तक्ता शेजारी शेजारी जोडून पाठवला, दोन ओळींचं पत्र. या आठवड्यात ती कार्यमुक्त होऊन परत आली. रागावलेली आहे माझ्यावर. तिच्या मुलाची दहावी आहे, तिचंही चूक म्हणवत नाही. तिला सकाळची पाळी दिलीय मार्चपर्यंत, म्हणजे संध्याकाळी घरी जाता येईल. आता पाळीला कधी कधी दोघी असतात.

बारावी_कला | शुक्रवार, रात्री ८.१८

मी नवीन आहे. सगळे मोठे बोलत आहेत म्हणून विचारायला भीती वाटते. मी तळोद्याकडची, बारावी आर्ट्स, ५४ टक्के. मला नर्स व्हायचंय. सर म्हणतात सायन्स नाही तर नर्सिंग नाही. एक जण म्हणतो ७० हजार भर, कॉलेजला यायचीही गरज नाही, परीक्षेला फक्त ये. खरं का?

ट्यूटर_मॅडम | शुक्रवार, रात्री ८.३५

त्या माणसाचा नंबर ब्लॉक कर. आत्ता. कॉलेजला न येता झालेली नर्स वॉर्डात दुसऱ्या दिवशी उघडी पडते, आणि कौन्सिलकडे तक्रार गेली तर पैसे आणि नोंदणी दोन्ही जातात.

बी.एस्सी.ला फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी लागतं, सीईटी द्यावी लागते, ते तुला बंद. पण एएनएम दोन वर्षांचं आणि जीएनएम तीन वर्षांचं आर्ट्सवाल्यांना चालतं. जीएनएमला इंग्रजी विषयात पास हवं, ४० टक्के एकूण. तुला ५४ आहेत. जीएनएमच कर. नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी होते, मी तशीच झाले.

मोलगीच्या_वर | शुक्रवार, रात्री ९.५०

तळोद्याची आहेस तर आपली शेजारीणच. जातीचा दाखला आहे, पण व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) आहे का? नसेल तर सोमवारीच अर्ज कर, प्रवेशाची वाट बघू नकोस. माझं एक वर्ष त्याच्यात गेलं. वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोध, तो लागतो. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, बँक खातं आधारला जोडलेलं, एवढं तयार ठेव, शिष्यवृत्ती त्यावरच येते. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, आदिवासी प्रकल्प कार्यालयात विचार.

सातपुडा_इन्चार्ज | शुक्रवार, रात्री १०.२०

आणि इंग्रजीची भीती वाटत असेल तर माझ्या भाचीबरोबर बस, तिनेही आर्ट्स केलंय. आम्ही दर रविवारी दुपारी शरीराच्या भागांचे शब्द पाठ करतो, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. मोलगीच्या ताई पावरीतले सांगणार असतील तर तिसरा कॉलम आखते. फोन नंबर इथे टाकू नकोस, मला व्यनि कर.

बारावी_कला | शुक्रवार, रात्री १०.३१

व्यनि म्हणजे काय?